उचल : उसाच्या फडातली हिशेबाची वही

श्रमाला मोबदला किती मिळतो याचा विचार अर्थशास्त्रात पुष्कळ होतो; तो केव्हा मिळतो याचा तेवढा होत नाही. महाराष्ट्राच्या साखर उद्योगात मात्र कोणाचे कोणावर चालते, हे बरेचसे या 'केव्हा'नेच ठरवले आहे.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने 1950 मध्ये गाळप सुरू केले, तेव्हा ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला. सभासदाला मत मिळाले, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने 14 दिवसांत पैसे न दिल्यास 15 टक्के व्याजाचा हक्कही त्याच्या पदरात पडला. हा हक्क वसूल करायला त्यालाही अनेकदा आंदोलनच करावे लागते, हे खरे. पण निदान हक्क कागदावर आहे. तोच ऊस तोडणारा मात्र सहकाराच्या व्याख्येत कधी आलाच नाही.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील कोरडवाहू गावांमधून दरवर्षी लाखो मजूर गाळप हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पावसाळ्यात, घरात पैसा नसताना, मुकादम म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ त्यांना 'उचल' देतो; ही आगाऊ मजुरी दवाखान्यात, लग्नात किंवा जुन्या देण्यात खर्च होते, आणि मग हंगामभर तोडलेल्या प्रत्येक टनातून ती फेडावी लागते. ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मजूर कामाला लागतो तो असा ऋणको म्हणूनच, त्यामुळे दराची घासाघीस करण्याची त्याची ताकद फडात पाऊल टाकण्याआधीच संपलेली असते. मुकादमालाही हा पैसा वरूनच मिळालेला असतो. टोळी पळाली तर तो स्वतः बुडतो, म्हणून गावचा, कित्येकदा भावकीतला असूनही तो कठोर होतो. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असल्यामुळे मजुराचा मालक नेमका कोण, या प्रश्नाला सोयीचे उत्तर मिळत नाही.

या हिशेबाचे एकक आहे 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. उचल जोडीवर मिळते, पण घेतो बहुधा पुरुष. पहाटे स्वयंपाक उरकून फडात जाणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी स्त्री वहीत वेगळी दिसत नाही. कामाचा दिवस बुडाला की 'खाडा' पडतो, त्याचा दंड कापला जातो, आणि मासिक पाळी किंवा आजारपण यांना त्यातून सूट नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खासगी दवाखान्यांचा लोभ यामागे होताच, पण खाड्याच्या भीतीने त्याला गिऱ्हाईक पुरवले.

कर्जापोटी श्रम देणे आणि ते फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, याला 1976 चा कायदा वेठबिगारी म्हणतो. फडातल्या उचलीला हे नाव लावायला प्रशासन सहसा धजत नाही. दरवाढीची वाट लवाद आणि संप यांतूनच जाते. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ही वाढ टनावर आहे. टन मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर, आणि त्यातून उचल किती फिटली याची नोंद मुकादमाच्या वहीत होते, जी अंगठा उठवणाऱ्या मजुराला वाचता येतेच असे नाही.