सल्लागारास विचारलेला प्रश्न : फ्लिंट शहराचे पाणी आणि कराराची भाषा

एखादे शहर जलशुद्धीकरण केंद्रासाठी अभियांत्रिकी सल्लागार नेमते, तेव्हा ते नेमके काय विकत घेत असते? कंत्राटदाराकडून टाकी, पंप वा इमारत मिळते. ती मोजता येते, तपासता येते. सल्लागाराकडून मिळते ते मत. आणि ज्यास त्या विषयाचे पुरेसे ज्ञान नाही, तोच मत विकत घेण्यास जातो. यामुळे या व्यवहारात एक विलक्षण अडचण उत्पन्न होते. काय विचारावे हे ठरविण्याचे काम कमी जाणणाऱ्याकडे येते आणि उत्तर मात्र विचारलेल्या प्रश्नाच्या मर्यादेतच मिळते. ही मर्यादा करारात ज्या परिच्छेदाने आखली जाते, त्यास कामाची व्याप्ती किंवा कार्यकक्षा म्हणतात.

या कार्यकक्षेच्या शब्दांवर काय काय अवलंबून असू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. अभियांत्रिकीचा निवाडा करणे हा भाषेच्या अभ्यासकाचा अधिकार नव्हे. तथापि फ्लिंटच्या प्रकरणात ‘पाणी’, ‘सुरक्षित’ आणि ‘मानकांत बसणारे’ या साध्या शब्दांनी जे कार्य केले, ते भाषाशास्त्राच्या कक्षेत निश्चितच येते.

प्रथम शुद्धीकरणाची प्रक्रिया थोडक्यात पाहू. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ एकत्र होऊन तळाशी बसतो, हे आपल्याकडील प्रत्येक घरास ठाऊक आहे. मोठ्या केंद्रात हेच काम तुरटीने किंवा फेरिक क्लोराइडसारख्या लोहाच्या क्षाराने करतात. त्यानंतर पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी क्लोरीन घालून ते निर्जंतुक केले जाते. सामान्य मनुष्याच्या कल्पनेत शुद्धीकरण येथे संपते. वस्तुतः अजून एक काम शिल्लक असते. केंद्रातून निघालेले पाणी नळांच्या जाळ्यातून घराघरांत पोचावयाचे असते, आणि ते नळ लोखंडाचे, तांब्याचे, जुन्या शहरांत कित्येकदा शिशाचे असतात. पाणी जर क्षरणकारी असेल, तर ते नळ झिजवून त्यांतील धातू आपल्यात विरघळवून घेते. हे टळावे म्हणून पाण्याची आम्लता नियंत्रित करतात किंवा त्यात अल्प प्रमाणात फॉस्फेट मिसळतात. या फॉस्फेटामुळे नळाच्या आतील बाजूवर एक पातळ संरक्षक थर जमतो. यास क्षरणनियंत्रण म्हणतात. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर ते अपाय करते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते.

फ्लिंट हे त्या काळी सुमारे एक लाख वस्तीचे, मोटारींच्या कारखान्यांमुळे भरभराटीस आलेले आणि ते कारखाने बंद पडू लागल्यावर हलाखीत गेलेले शहर. १९६७ पासून ते डेट्रॉइटकडून शुद्ध केलेले पाणी विकत घेत असे. हे पाणी ह्यूरॉन सरोवराचे असून त्यात क्षरणनियंत्रणासाठी फॉस्फेट घातलेले असे. २०११ मध्ये शहराची आर्थिक स्थिती इतकी बिघडली की राज्याच्या गव्हर्नराने तेथे आपत्कालीन व्यवस्थापक नेमला आणि अंतिम निर्णयाचा अधिकार निर्वाचित नगरसभेकडून त्याच्याकडे गेला. खर्च वाचावा म्हणून २०१३ मध्ये असे ठरले की, नव्या जलवाहिनीने ह्यूरॉन सरोवराचे कच्चे पाणी आणावे व ते शहराच्या स्वतःच्या जुन्या केंद्रात शुद्ध करावे. जलवाहिनी पुरी होईपर्यंत फ्लिंट नदीचे पाणी वापरावे, असेही पुढे ठरविण्यात आले.

वर्षानुवर्षे केवळ राखीव म्हणून ठेवलेले हे केंद्र अहोरात्र चालविण्याजोगे करण्यासाठी अभियंता हवा होता. जून २०१३ मध्ये ‘लॉकवुड, अँड्र्यूज अँड न्यूनम’ या सल्लागार संस्थेस हे काम देण्यात आले. प्रारंभीची रक्कम सुमारे १,७१,००० डॉलर होती आणि स्पर्धात्मक प्रस्ताव मागविण्यात आले नव्हते. ही संस्था शहरास अपरिचित नव्हती. २०११ मध्ये तिच्या सहभागाने तयार झालेल्या अहवालात असे म्हटले होते की, नदीचे पाणी शुद्ध करून नियमांत बसविणे शक्य आहे, मात्र सरोवराच्या पाण्यापेक्षा त्यास अधिक प्रक्रिया लागेल. या विधानाचा पूर्वार्ध शक्यतेचा असून उत्तरार्ध अटीचा आहे. व्यवहारात असे दुपदरी विधान पुढे जाता जाता त्याचा पूर्वार्ध तेवढा लोकांच्या लक्षात राहतो.

२५ एप्रिल २०१४ रोजी शहराने डेट्रॉइटचे पाणी बंद करून नदीचे पाणी सुरू केले. क्षरणनियंत्रणासाठी त्यात काहीही घातले जात नव्हते. लवकरच पाण्याचा रंग, वास व त्यामुळे अंगावर उठणारे पुरळ यांविषयी तक्रारी येऊ लागल्या. त्याच वर्षी ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये जंतू आढळल्यामुळे पाणी उकळून पिण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिनांच्या कारखान्याने, यंत्रभाग गंजतात म्हणून, हे पाणी घेणे थांबविले. पाणी धातू खाते याची ही उघड साक्ष होती. परंतु त्या वेळी चर्चेत असलेला प्रश्न निराळा होता. जंतूंचा नाश करण्यासाठी क्लोरीन वाढविले की नदीच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्याशी त्याचा संयोग होऊन ट्रायहॅलोमीथेन नावाची अपायकारक संयुगे तयार होतात. त्यांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्याची सूचना जानेवारी २०१५ मध्ये नागरिकांस देण्यात आली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराने ‘व्हिओलिया’ या जगद्विख्यात संस्थेस ४०,००० डॉलरांच्या अल्पमुदतीच्या करारावर सल्लागार म्हणून बोलाविले. तिच्या प्राथमिक निवेदनात शहराचे पाणी मानकांत बसत असल्याचे सांगितले होते, आणि ‘सुरक्षित’ म्हणजे राज्याच्या व संघराज्याच्या मानकांस आणि आवश्यक चाचण्यांस उतरणारे, अशा आशयाचे समीकरणही मांडले होते. मार्चमधील अंतिम अहवालात ट्रायहॅलोमीथेन कमी करण्यासाठी फेरिक क्लोराइडचे प्रमाण वाढवावे, अशी शिफारस होती. सेंद्रिय द्रव्य काढून टाकण्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी होती. परंतु क्लोराइड वाढले की पाणी धातूंस अधिक बाधक होते. त्याच अहवालात फॉस्फेट घालण्याचीही सूचना होती. ती मात्र पाण्याचा तांबूसपणा कमी करण्यासाठी होती. शिशाचा उल्लेख तिच्याशी जोडलेला नव्हता. योग्य द्रव्याचे नाव कागदावर आले, पण त्याचे तातडीचे प्रयोजन आले नाही. रंगावरचा उपाय आणि विषावरचा उपाय यांची निकड एकसारखी मानली जात नाही, हे उघड आहे.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. जून २०१५ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील मिगेल डेल तोराल या तज्ज्ञाने क्षरणनियंत्रणाच्या अभावाविषयी लेखी इशारा दिला. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने नागरिकांच्या साहाय्याने घरांतील नळांचे अडीचशेहून अधिक नमुने तपासले आणि शिशाचे गंभीर प्रमाण उघडकीस आणले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी दाखविले की, पाच वर्षांखालील ज्या मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळते, त्यांचे प्रमाण पाणी बदलल्यावर २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले आहे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्याकडे वळले. २०१४ व २०१५ या वर्षांत त्या परिसरात लीजनेअर या फुप्फुसरोगाने बारा माणसे दगावली, तीही याच प्रकरणाशी निगडित मानली जातात.

आता भाषेकडे वळू. पहिला शब्द ‘पाणी’. केंद्राच्या दारातून बाहेर पडणारे पाणी आणि स्वयंपाकघरातील नळातून पडणारे पाणी या रासायनिक दृष्ट्या दोन भिन्न वस्तू होत्या. भाषेत मात्र दोहोंस एकच नाम होते. अभियंता ‘पाणी’ म्हणतो तेव्हा बहुधा पहिल्याचा निर्देश करतो. माता ‘पाणी’ म्हणते तेव्हा दुसऱ्याचा. दोघांची वाक्ये परस्परविरोधी दिसूनही आपापल्या निर्देशवस्तूंपुरती खरी असू शकतात, आणि अशा वेळी ज्याच्या हाती अहवाल आहे त्याचे वाक्य ग्राह्य धरले जाते.

दुसरा शब्द ‘सुरक्षित’. ‘मानकांत बसणारे’ हे विधान विशिष्ट दिवशी, विशिष्ट ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांविषयी असते. ‘सुरक्षित’ हे आश्वासन असून ते उद्याच्या पेल्यालाही लागू होते. पहिल्यास दुसऱ्याचा समानार्थी ठरविणे ही व्याख्येची सोय नसून अर्थाचा विस्तार आहे. खुद्द नियमाची भाषाही निःसंदिग्ध नव्हती. शिसे व तांबे यांविषयीचा संघराज्याचा नियम १९९१ चा. नवा जलस्रोत सुरू करताना क्षरणनियंत्रण तत्काळ हवे, की सहा-सहा महिन्यांच्या दोन निरीक्षणांनंतर ठरवावे? राज्याच्या पर्यावरण विभागाने दुसरा अर्थ घेतला. नोव्हेंबर २०१५ मध्ये संघराज्याच्या संस्थेने या नियमाचे भिन्न अर्थ लावले जाऊ शकतात हे मान्य करून, मोठ्या नगरांनी क्षरणनियंत्रण अखंड राखावे असा खुलासा केला. तोवर फ्लिंटचे नळ दीड वर्ष झिजले होते.

तिसरा प्रश्न कार्यकक्षेचा. गव्हर्नराने नेमलेल्या चौकशी-गटाने मार्च २०१६ च्या अहवालात प्रमुख जबाबदारी राज्याच्या पर्यावरण विभागावर ठेवली. त्याच वर्षी राज्याच्या महाधिवक्त्याने दोन्ही सल्लागार संस्थांवर दावा लावला. दोघींनीही दोष नाकारला. एकीचे म्हणणे असे की, निर्णय शहराच्या व राज्याच्या अधिकाऱ्यांचे होते. दुसरीचे असे की, आपणांस ट्रायहॅलोमीथेनविषयी विचारले होते, शिशाविषयी नव्हे. २०२२ मध्ये या संस्थांविरुद्धच्या एका खटल्यात पंचांचे एकमत होऊ शकले नाही. पुढे २०२३ मध्ये पहिल्या संस्थेने ८० लाख डॉलर आणि २०२४ मध्ये दुसरीने अडीच कोटी डॉलर देऊन काही दावे तडजोडीने मिटविले. राज्य, शहर इत्यादींशी झालेली ६२ कोटी ६० लाख डॉलरांची तडजोड न्यायालयाने २०२१ मध्येच मान्य केली होती. सल्ल्याच्या करारांत वाचविलेल्या रकमांशी हे आकडे ताडून पाहावेत.

न विचारलेल्या धोक्याविषयी तज्ज्ञाने बोलावे काय? वैद्याकडे गुडघा दाखविण्यास गेलेल्या रोग्याची छाती घरघरत असेल, तर वैद्य गप्प बसत नाही. ते कर्तव्य वैद्यकाच्या परंपरेने ठरलेले आहे. अभियंत्यांच्या नीतिसंहितांतही लोकांचे आरोग्य व सुरक्षितता यांस अग्रस्थान आहे. परंतु संहिता सामान्य भाषेत असते आणि करार विशेष भाषेत. संघर्ष आला की न्यायालयात प्रथम करार वाचला जातो. यास्तव ते कर्तव्य करारातच लिहून घेणे शहाणपणाचे ठरेल.

यावरून नगरांस घेण्याजोगा बोध असा. कार्यकक्षा केंद्राच्या भिंतीपाशी न थांबता घरातील नळापर्यंत न्यावी. ‘केंद्र चालू करणे’ याऐवजी ‘शेवटच्या नळाचे पाणी पिण्यायोग्य राखणे’ असा प्रश्न विचारावा. कक्षेबाहेरचा धोका दिसल्यास तो लेखी कळविण्याचे बंधन सल्लागारावर असावे, आणि तसे पत्र नागरिकांस पाहावयास खुले असावे. अहवालातील ‘सुरक्षित’ या शब्दाबरोबर कशापासून, कोठे आणि कोणत्या चाचणीवरून, हे तीन तपशील अवश्य असावेत.

मराठीपुरते एक सांगता येईल. आपल्या भाषेत ‘शुद्ध’, ‘स्वच्छ’, ‘निर्जंतुक’ आणि ‘पिण्यायोग्य’ हे चार शब्द पाण्यास लागतात आणि नगरपालिकांच्या सूचनांत ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. त्यांचे अर्थ निराळे आहेत. ‘स्वच्छ’ हे डोळ्यांचे प्रमाण, ‘निर्जंतुक’ हे सूक्ष्मदर्शकाचे. ‘शुद्ध’ या शब्दास तर धार्मिक पावित्र्याचीही छटा आहे. फ्लिंटचे पाणी काही काळ स्वच्छ दिसत होते आणि क्लोरीनमुळे बहुतांश निर्जंतुकही होते. पिण्यायोग्य मात्र नव्हते. तसेच ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ ही आपल्या परिचयाची सूचना जंतूंपुरती रास्त आहे. धातूंच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे. परिभाषाकोशांत या शब्दांच्या सीमा काटेकोर आखणे आणि सूचनापत्रांत त्या पाळल्या जाव्यात असा आग्रह धरणे, हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे. ते झाले, तर पुढील करार लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती निदान नेमका प्रश्न विचारण्याचे साधन येईल.