‘तमस’ मालिकेचा आस्वाद आणि समीक्षेपुढील अडचण

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिकेकडे गंभीर कलाकृती म्हणून पाहण्याची सवय मराठी समीक्षेला फारशी नाही. कादंबरी, नाटक आणि काही प्रमाणात चित्रपट यांच्या आस्वादाची परिभाषा आपल्याकडे विकसित झाली. मालिकेच्या वाट्याला मात्र वृत्तपत्रातील आठवड्याचा स्तंभ आला. त्यामुळे एखादी मालिका नेहमीच्या चौकटीत बसत नसेल तर तिला ‘दुर्बोध’, ‘संथ’ किंवा ‘एकांगी’ ठरवून समीक्षक मोकळा होतो. गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘तमस’ ही मालिका १९८८ च्या प्रारंभी दूरदर्शनवरून प्रसारित झाली, तेव्हा असेच घडले. काहींना ती हिंदूविरोधी वाटली, काहींना मुस्लिमविरोधी. एकाच कलाकृतीवर परस्परविरोधी आरोप होतात, तेव्हा दोष कलाकृतीच्या संदिग्धतेचा असतो की पाहण्याच्या पद्धतीचा, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या शक्यतेचा विचार केला आहे.

महाराष्ट्राशी असलेले नाते

‘तमस’ची कथा फाळणीपूर्व पंजाबातील एका नाव न घेतलेल्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घडते. तिच्यामागे रावळपिंडी परिसरातील मार्च १९४७ च्या दंगली आहेत. लेखक भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे. तथापि ही आठवण कागदावर येण्यास निमित्त झाले ते महाराष्ट्रातील. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर साहनी बंधू बलराज यांच्यासमवेत तेथे गेले असता त्या उजाड वस्तीत त्यांना रावळपिंडी पुन्हा दिसली, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री पुसदचे वसंतराव नाईक होते. भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींच्या चौकशीसाठी न्या. मादन आयोग नेमण्यात आला. त्या आयोगाचा अहवाल आणि साहनींची कादंबरी ही दोन्ही एका अर्थाने त्याच घटनेची अपत्ये होत. अहवाल किती जणांनी वाचला, हा प्रश्न वेगळा. कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

निहलानी यांचीही जडणघडण मराठी नाट्यपरंपरेच्या सान्निध्यात झालेली आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या चित्रपटाचे (१९७१) छायाचित्रण त्यांचे. ‘आक्रोश’ (१९८०) व ‘अर्धसत्य’ (१९८३) यांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. ‘पार्टी’ (१९८४) हा चित्रपट महेश एलकुंचवारांच्या नाटकावर आधारलेला असून एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे. ‘पार्टी’मध्ये ज्याच्याविषयी सारे बोलतात तो अमृत मेजवानीला येतच नाही. अनुपस्थित व्यक्तीभोवती नाट्य उभे करण्याची ही रीत ‘तमस’मध्ये मुराद अली या पात्राच्या बाबतीत पुन्हा दिसते. तो क्वचितच समोर येतो, पण घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्याची सावली आहे.

न्यायालयाने केलेले वाचन

मालिकेचे सुरुवातीचे भागच प्रसारित झालेले असताना मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने पुढील प्रसारणास स्थगिती दिली. अपिलात न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी एक साधी पण निर्णायक गोष्ट केली : संपूर्ण मालिका पाहिली. त्यानंतर स्थगिती उठली. पुढे ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सब्यसाची मुखर्जी व न्या. रंगनाथन यांनी १६ फेब्रुवारी १९८८ रोजी बंदीची मागणी फेटाळली. निरक्षर प्रेक्षक म्हणजे समजशून्य प्रेक्षक नव्हे; पडद्यावर कृती घडताना दिसली की तिच्यामागची कारस्थाने त्यालाही कळतात, हे उच्च न्यायालयाचे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयापुढेही आले.

या निकालात वापरलेली कसोटी विदर्भातील आहे. भगवतीचरण शुक्ल प्रकरणात (निवाडा प्रसिद्ध १९४७) नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी असे मांडले होते की, शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने जोखावा. दुर्बल, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. पुसदसह वऱ्हाडचे चारही जिल्हे तेव्हा याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते. कायद्याची ही कसोटी आस्वादाचीही कसोटी होऊ शकते, याकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दोन न्यायमूर्तींनी जे केले ते मुळात समीक्षकांचे काम होते.

अर्थ कोठे आहे?

‘तमस’ अवघड वाटते याचे मुख्य कारण असे की, तिचा अर्थ एका प्रसंगात सापडत नाही. तो दूर-दूरच्या दोन प्रसंगांच्या नात्यात असतो. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याच्या हाती पहिला प्रसंग लागतो आणि त्याचा जोडीदार निसटतो.

प्रारंभीचे दृश्य पाहावे. मेलेल्या जनावरांची कातडी सोलणारा नत्थू (ओम पुरी) एका कोंदट खोलीत डुकराला मारण्यासाठी रात्रभर झगडतो. पशुवैद्याला डुक्कर हवे आहे असे सांगून मुराद अलीने त्याला पाच रुपये दिलेले आहेत. दृश्य लांबत जाते, प्रेक्षक अवघडतो. भारतीय काव्यशास्त्राच्या भाषेत येथे जुगुप्सा हा स्थायिभाव आहे. पण तिचे बीभत्स रसात रूपांतर होऊ नये, याची जणू दिग्दर्शकाने काळजी घेतली आहे. घरी जेवणाच्या ताटासमोर बसून हे पाहणाऱ्याला नाट्यगृहातील अंधाराचे संरक्षणही नाही. सकाळी ते जनावर मशिदीच्या पायरीवर सापडते. केवळ एवढेच पाहणाऱ्याला ही चिथावणी वाटली, तर नवल नाही.

परंतु पुढे दुसरी हत्या येते. किशोरवयीन रणवीरला त्याचे मास्तर कोंबडी मारायला लावतात. हे दीक्षेचे प्रशिक्षण आहे. रणवीरला ओकारी होते, तरी तो अखेर सुरी चालवतो, आणि नंतर याच मुलांच्या टोळीकडून एक निरपराध अत्तरविक्रेता भोसकला जातो. नत्थूने पोटासाठी मारले आणि त्याचा हात आयुष्यभर थरथरत राहिला. रणवीरने तत्त्वासाठी मारले आणि त्याचा हात स्थिर झाला. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की मालिका कोणत्या धर्माच्या बाजूची, हा प्रश्नच गैरलागू होतो. ती विचारते ते असे : हाताचा थरकाप कोण घालवतो, आणि कशासाठी?

त्याच रीतीने संदुकीचा प्रसंग. गाव सोडून निघालेले वृद्ध शीख दांपत्य हरनामसिंग व बंतो एका अनोळखी घराचे दार ठोठावते. ही भूमिका स्वतः भीष्म साहनी व दीना पाठक यांनी केली आहे. घरातील राजो (सुरेखा सिक्री) त्यांना आत घेते, मात्र घरातील पुरुष लुटीला गेल्याचेही सांगते. ते परततात ती नेमकी याच दांपत्याची संदूक घेऊन. कुलूप फोडण्याची खटपट सुरू होते, आणि ज्याची संदूक आहे तोच किल्ली पुढे करतो. येथे ना संवादाची आतषबाजी आहे, ना संगीताचा आधार. घरमालकाची नजर खाली जाते, एवढेच. ओळखीच्या माणसाला लुटणे आणि अनोळखी ‘त्यांना’ लुटणे यांतील अंतर किल्लीएवढे लहान असते, हे या काही मिनिटांत कळते. सिक्री यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच होय.

विहिरीचा प्रसंग

खरी आस्वादाची अडचण येते ती गुरुद्वारातील स्त्रियांच्या सामूहिक आत्मार्पणाच्या दृश्यात. रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे मार्च १९४७ मध्ये घडलेल्या घटनेची ती छाया आहे. उत्तरा बावकर यांची जसबीर पुढे आणि मागे मुलांसह स्त्रियांची रांग. चित्रण इतके विधिवत आणि भारदस्त आहे की, हा गौरव आहे की शोक, हे ठरवता येत नाही. ऊर्वशी बुटालिया यांनी १९९८ मधील आपल्या फाळणीविषयक ग्रंथात अशा मृत्यूंना ‘हौतात्म्य’ म्हणताना स्त्रियांची इच्छा कोणी विचारली होती काय, हा प्रश्न उभा केला. त्या प्रश्नासह आज हे दृश्य पाहिले तर जसबीरच्या चेहऱ्यावरील तेज अस्वस्थ करते. दिग्दर्शकाने येथे एखाद्या स्त्रीचा क्षणभराचा विरोध दाखवला असता, तर दृश्य अधिक प्रामाणिक झाले असते, असे म्हणावेसे वाटते.

मालिका निर्दोष नाही. साम्यवादी कार्यकर्त्याचे प्रसंग भाषणाच्या वळणावर जातात. जिल्हाधिकारी रिचर्ड (बॅरी जॉन) हे पात्र मात्र वरवर पाहता सोपे, परंतु तसे नाही. त्याला या भूमीचा प्राचीन इतिहास, मूर्ती, अवशेष यांची जाण आहे; शहरातील पुढारी मदत मागायला येतात तेव्हा त्यांच्यासाठी त्याच्याकडे काही नाही. भूतकाळातील माणसांवर प्रेम करणारा हा विद्वान जिवंत माणसांबाबत थंड आहे. इतिहास शिकवणाऱ्यांनी या पात्राकडे विशेष लक्ष द्यावे.

कादंबरीत मधल्या भागात दिसेनासा होणारा नत्थू मालिकेत प्रेक्षकाची सोबत सोडत नाही. शेवटी त्याची पत्नी करमो (दीपा साही) प्रसूत होते. बाळाच्या पहिल्या रडण्यात दोन्ही बाजूंच्या घोषणा मिसळतात आणि बाहेर बसलेल्या वृद्ध दांपत्याचे चेहरे काहीच सांगत नाहीत. काहींना हा शेवट ढोबळ प्रतीकात्मक वाटेल. मुराद अलीला मात्र प्रेक्षकाने शांततेच्या मोटारीत घोषणा देताना पाहिलेले असते. त्याला शिक्षा होत नाही, कोणी ओळखतही नाही, आणि हे ओझे प्रेक्षकाच्याच माथी राहते.

वर्गाध्यापनाच्या दृष्टीने एक बाब नोंदवणे इष्ट ठरेल. सुमारे पाच तासांची ही कलाकृती एका तासिकेत दाखवता येत नाही, म्हणून बहुधा डुकराचे दृश्य तेवढे दाखवले जाते. म्हणजे स्थगिती मागणाऱ्यांनी जे पाहिले होते तेच विद्यार्थ्यांना मिळते. वेळ अपुरा असेल तर डुकराचे व कोंबडीचे दृश्य एकाच दिवशी, लागोपाठ दाखवावे. संदुकीचा प्रसंग त्यानंतरच्या तासिकेला, हरनामसिंगाचे दुकान कसे लुटले गेले हे आधी सांगून.