सगळ्यात भारी लीडर कोण? आधी जमीन दाखवा! (सिव्हिलायझेशन ६ स्पेशल)

ज्यांना एपिसोड ऐकायला निवांत वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निसटतात, इथे ते नीट मांडलेत. गेम उघडा ठेवून वाचलंत तरी चालेल.

आजचा विषय सिव्हिलायझेशन ६. हा गेम २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर आला, २०१८ मध्ये आयफोनवर आणि २०२० मध्ये अँड्रॉइडवर. तेव्हापासून एक प्रश्न काही केल्या संपत नाही: 'सगळ्यात भारी लीडर कोण?' याद्या निघतात, व्हिडिओ निघतात, भांडणं होतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जमीन दाखवा, मग लीडर सांगतो.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण स्टँडर्ड स्पीडवर एक डाव ५०० टर्नपर्यंत चालू शकतो. फोनवर म्हणजे कितीतरी संध्याकाळी आणि कितीतरी वेळा चार्जिंग. डाव कुठल्या दिशेने जाणार हे बऱ्याचदा पहिल्या वीस-पंचवीस टर्नमध्येच ठरतं. आपल्याला ते कळतं मात्र शंभराव्या टर्नला, शेजारी आपल्या दुप्पट मोठा झाल्यावर.

जमिनीचा हिशोब

नकाशा षटकोनी टाइल्सचा असतो. शहरातला प्रत्येक नागरिक एक टाइल राबवतो आणि दर टर्नला २ फूड खातो. सपाट गवताळ टाइल २ फूड देते, म्हणजे त्या माणसाचं भागलं. सपाट प्लेन्स टाइल १ फूड आणि १ प्रॉडक्शन देते. टेकडी असेल तर आणखी १ प्रॉडक्शन. टुंड्रा, म्हणजे बर्फाळ माळरान, फक्त १ फूड देतं. सपाट वाळवंट शून्य. फूड नाही, प्रॉडक्शन नाही, काहीच नाही.

आता हे शून्य महाग का पडतं ते बघा. फूड नाही तर लोकसंख्या वाढत नाही. लोकसंख्या नाही तर डिस्ट्रिक्ट मिळत नाहीत, कारण पहिला डिस्ट्रिक्ट १ लोकसंख्येला बांधता येतो, पुढचे ४, ७, १० अशा टप्प्यांवर. डिस्ट्रिक्ट नाहीत तर सायन्स नाही, कल्चर नाही. एक कोरडी टाइल अशी साखळीने नडते.

आणि पाणी! नदी किंवा तळ्याकाठी शहर वसवलं तर सुरुवातीलाच ५ हाउसिंग मिळतं, समुद्राकाठी ३, आणि कोरड्या जागी फक्त २. घरं कमी पडू लागली की लोकसंख्या रखडते.

थोडक्यात, जमीन दोन प्रश्न विचारते: खाणार काय आणि बांधणार कशातून? चांगला लीडर यातल्या निदान एकाचं उत्तर घेऊन येतो.

आधी लीडर की आधी जमीन?

इथे बरेच जण मला अडवतात. 'अरे, लीडर तर आधी निवडावा लागतो, जमीन नंतर दिसते!' बरोबर. पण दोन गोष्टी आपल्या हातात असतात.

पहिली म्हणजे स्टार्ट बायस. बऱ्याच लीडरना गेम स्वतःहून त्यांच्या सोयीची जमीन द्यायला बघतो. रशियाच्या पीटरला टुंड्राजवळ ठेवतो, ब्राझीलच्या पेद्रोला रेनफॉरेस्टजवळ, मालीच्या मान्सा मुसाला वाळवंटाजवळ. ही फक्त ओढ आहे, हमी नाही.

दुसरी म्हणजे नकाशाची सेटिंग. तापमान 'हॉट' केलं की वाळवंट वाढतं आणि टुंड्रा घटतं. 'कोल्ड' केलं की उलटं. पाऊस वाढवला की झाडी वाढते. जगाचं वय 'न्यू' ठेवलं की डोंगर-टेकड्या जास्त. आयलंड प्लेट्स घेतलं की सगळीकडे पाणीच पाणी. म्हणजे नेमकी टाइल नाही, तरी साधारण प्रदेश आपण ठरवू शकतो. बहुतेक जण या पानावर थेट 'स्टार्ट' दाबतात. मी म्हणतो, दोन मिनिटं थांबा आणि आधी हे बघा.

पाच जमिनी, पाच लीडर

फोनवाल्यांसाठी एक सूचना. पीटर आणि पेद्रो मूळ गेममध्येच आहेत. मान्सा मुसा, पाचाकुती आणि कुपे हे 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्तारातून येतात आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. तेव्हा आधी मूळ गेमचे दोघे.

*टुंड्रा: पीटर.* त्याला प्रत्येक टुंड्रा टाइलवर १ फेथ आणि १ प्रॉडक्शन जास्त मिळतं. शहर वसवताना जमीनही इतरांपेक्षा जास्त मिळते. पण नीट बघा, फूड तेवढंच राहिलं! म्हणून पीटर घेतला की माझी नजर आधी मासे आणि नदी शोधते. बांधायचं कशातून हे पीटर सोडवतो. खायचं काय हे आपल्यालाच बघावं लागतं.

*रेनफॉरेस्ट: पेद्रो दुसरा.* बाकीचे रेनफॉरेस्ट दिसलं की कुऱ्हाड काढतात. सायन्सचा डिस्ट्रिक्ट म्हणजे कॅम्पस. त्याला शेजारच्या दर दोन रेनफॉरेस्टमागे १ सायन्स मिळतं. पेद्रोला प्रत्येकामागे १. चार रेनफॉरेस्टच्या मध्ये कॅम्पस टाकला तर इतरांना २, पेद्रोला ४. कमर्शियल हब, होली साइट आणि थिएटर स्क्वेअर यांनाही तोच फायदा. म्हणजे इथे झाड तोडणं हाच तोटा.

*वाळवंट: मान्सा मुसा.* शहराच्या मध्यभागाला लागून जितक्या वाळवंटी टाइल्स, तितकं जास्तीचं फूड आणि तितकाच फेथ. समजा, सहापैकी चार टाइल्स वाळवंट आहेत. साध्या शहराचा मध्यभाग २ फूड देतो, इथे तो ६ देईल. शिवाय दर टर्नला ४ फेथ. पहिल्या देवतेसाठी, म्हणजे पँथिऑनसाठी, २५ फेथ लागतात. सात टर्नमध्ये काम झालं!

*डोंगर: इंका राजा पाचाकुती.* डोंगराची टाइल बाकी कोणालाच राबवता येत नाही. पाचाकुतीचे लोक तिथे काम करतात आणि २ प्रॉडक्शन काढतात. टेकड्यांवर टेरेस फार्म म्हणजे पायऱ्यांची शेतं बांधली की लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे १ फूड. उलट डोंगरालाही शेजारच्या प्रत्येक टेरेस फार्ममागे १ फूड. दोघं एकमेकांना पोसतात. पेच एकच. डोंगराला चिकटलेली टेकडी कॅम्पसलाही हवी असते आणि शेतालाही. अशा वेळी मी पहिली जागा शेताला देतो. माणसं वाढली की डिस्ट्रिक्ट मागून येतातच.

*समुद्र: माओरींचा कुपे.* हा गडी डाव सुरूच भर समुद्रात करतो. पहिलं शहर वसवेपर्यंत दर टर्नला २ सायन्स आणि २ कल्चर मिळत राहतात, त्यामुळे किनारा शोधण्यात गेलेला वेळ अगदीच फुकट जात नाही. खरं तर दिलेल्या जमिनीवर भागवणारा हा लीडर नाहीच, तो जमीन निवडतो. नवीन खेळाडूला मात्र मी सांगेन, फार फिरू नका. बाकीच्यांची शहरं एव्हाना वाढायला लागलेली असतात.

या यादीत एक सामाईक गोष्ट दिसली का? ज्या जमिनीला बाकीचे नाकं मुरडतात, तीच या लोकांना हवी असते. इथेच खरी मेख आहे. गवताळ नदीकाठ सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे तिथे तिसऱ्या शहरालाच शेजाऱ्याशी ढकलाढकली सुरू होते. वाळवंटात आणि टुंड्रावर सहसा कोणी घाई करत नाही. जास्तीचे एक-दोन आकडे मिळतात ते ठीकच, पण मिळालेली मोकळी जागा त्याहून मोठी.

फुकट काहीच नाही

याद्यांमध्ये फायदे ठळक असतात आणि किंमत बारीक अक्षरात. मान्सा मुसाच्या खाणी ४ गोल्ड जास्त देतात, पण १ प्रॉडक्शन गमावतात. शिवाय इमारती आणि सैन्य बांधायला ३० टक्के कमी प्रॉडक्शन लागू होतं. म्हणजे त्याचा डाव विकत घेण्याचा आहे. गोल्ड साठवून ठेवलंत आणि सगळं हातानेच बांधत बसलात, तर वाळवंटात अडकलातच म्हणून समजा. कुपेला टाइलवरची संसाधनं तोडून झटपट उत्पन्न काढता येत नाही आणि ग्रेट रायटरही मिळत नाहीत.

लीडर निवडणं म्हणजे खेळायची पद्धत निवडणं. तुम्हाला गोल्डचा हिशोब ठेवायचा कंटाळा असेल, तर समोर कितीही वाळवंट असो, मान्सा मुसा तुमचा लीडर नाही.

माझे तीन प्रश्न

पहिला: या जमिनीवर फूड कमी आहे की प्रॉडक्शन? लीडर नेमकी तीच उणीव भरतो का? असलेल्याच गोष्टीची भर घालणारा लीडर कागदावर छान दिसतो, पण अडलेलं काम अडलेलंच राहतं.

दुसरा: तशीच जमीन तिसऱ्या, चौथ्या शहरालाही पुरेल का? शहरापासून तीन टाइल्सपर्यंत नागरिक काम करू शकतात. राजधानीला दोन डोंगर लागून आहेत आणि पुढे सगळं सपाट मैदान, अशा ठिकाणी पाचाकुती एका शहरापुरताच राजा. लीडर राजधानीसाठी नसतो, अख्ख्या प्रदेशासाठी असतो. माझ्या मते हा तिघांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जाणारासुद्धा.

तिसरा: किंमत मला झेपेल का?

आणि मनासारखी जमीन नाही आली तर?

पेद्रो घेतला आणि समोर उघडा माळ. सरळ रिस्टार्ट? सिंगल प्लेअरमध्ये रिस्टार्ट दाबलं की त्याच सेटिंगवर नवा नकाशा मिळतो. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण परफेक्ट सुरुवात मिळेपर्यंत बटण दाबत राहायची सवय लागली की आपण गेम खेळायचं सोडून लॉटरी खेळू लागतो. जमीन वाचायला तर शिकतच नाही.

माझा नियम साधा आहे. सेटलर एक-दोन टर्न हलवून बघायचा. पाणी मिळालं, थोडंफार फूड मिळालं, तर खेळायचं. लीडरची जमीन पुढे कुठेतरी असतेच, दुसरं शहर तिकडे न्यायचं. पाणीही नाही आणि फूडही नाही, तर रिस्टार्ट, मनात खंत न ठेवता.

अशा मधल्या परिस्थितीसाठी भारताचा लीडर मला आवडतो. मूळ गेममध्ये गांधी आहेत, नंतरच्या विस्तारात चंद्रगुप्त आले. दोघांकडेही स्टेपवेल आहे, म्हणजे आपली बारव! ती १ फूड आणि १ हाउसिंग देते, शेताला लागून असेल तर आणखी १ फूड. टेकडीवर मात्र बांधता येत नाही आणि दोन बारवा शेजारी-शेजारी चालत नाहीत. नदीपासून लांबच्या शहरात जी घरांची टंचाई असते, ती अशी थोडी थोडी भरून निघते. दुष्काळी भागात बारव कशासाठी बांधायचे, हे मराठी माणसाला वेगळं समजावायला नको.

जाता जाता, खरा इतिहास

गेममुळे एक समज पक्का होतो: माली म्हणजे वाळवंट, इंका म्हणजे डोंगर. इंकांच्या बाबतीत ते बरंचसं पटतं. अँडीजच्या उतारांवरची त्यांची पायऱ्यांची शेतं आजही दिसतात आणि त्यांच्या रस्त्यांचं जाळं, कपाक न्यान, २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मालीचं मात्र तसं नाही. त्या साम्राज्याचा गाभा नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यातला, गवताळ प्रदेशातला. सोनं दक्षिणेकडच्या भागातून यायचं, मीठ सहारातून, आणि वाळवंट हा त्यांच्यामधला व्यापाराचा रस्ता होता. १३२४ मध्ये मान्सा मुसा हजला जाताना कैरोत पोहोचला तो याच सोन्याच्या जोरावर. म्हणजे तो श्रीमंत झाला ते वाळूत शेती करून नाही, तर एका प्रदेशात जे होतं ते दुसऱ्या प्रदेशापर्यंत नेणारे रस्ते ताब्यात ठेवून.

गंमत म्हणजे गेममध्ये मान्सा मुसा नीट खेळायचा असेल तर हेच करावं लागतं. सुरुवातीच्या शहराची जेवढी सपाट वाळवंटी टाइल्स, तेवढं त्याच्या परदेशी व्यापारी मार्गांना जास्तीचं गोल्ड मिळतं. वाळवंट पोट भरतं, पण डाव जिंकून देतात ते तांडे.

तर पुढच्या वेळी यादीत पहिल्या नंबरवर कोण आहे ते बघण्याआधी नकाशाच्या सेटिंगमध्ये जा, प्रदेश ठरवा आणि मग तीन प्रश्न विचारा. तुम्हाला सगळ्यात वाईट जमीन कुठली मिळाली होती आणि तिथे कुठला लीडर चालला, ते नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर सेटलर सांभाळून, आणि फोन चार्जिंगला लावून!