अजबखान्याची उलटतपासणी

भायखळ्याच्या राणीबागेत पेंग्विन बघायला आलेली बरीच कुटुंबं परतताना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात डोकावतात. पगड्या, मातीच्या बाहुल्या आणि छताची सोनेरी नक्षी बघून खूश होतात. मुंबईतल्या या सर्वांत जुन्या संग्रहालयानं गेल्या काही वर्षांत स्वतःशीच मांडलेला वाद मात्र त्यांतल्या फार थोड्यांच्या कानावर जात असेल.

वादाचं मूळ स्थापनेतच आहे. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमवल्या गेल्या आणि त्यातून इथल्या संग्रहाची कल्पना निघाली. पुढे नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींनी वर्गणी उभी केली. १८६२ साली पाया घातला गेला. मग कापसाच्या तेजीचा फुगा फुटला, देणगीदारांचे खिसे रिकामे झाले आणि सरकारच्या पैशानं इमारत कशीबशी तडीला जाऊन १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावानं उघडली.

भाऊ दाजी नुसते देणग्या गोळा करणारे गृहस्थ नव्हते. ते डॉक्टर होते आणि प्राचीन शिलालेखही वाचत. पण संग्रहालयाच्या जडणघडणीत मोठा हात होता जॉर्ज बर्डवुड यांचा. भारतीय हस्तकलांवर या माणसाचं खरंखुरं प्रेम होतं; त्यांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. तेच बर्डवुड १९१० साली लंडनच्या एका सभेत म्हणाले की, भारतात ललित कला अशी काही नाहीच. समोर जावामधल्या एका बुद्धमूर्तीचं छायाचित्र होतं. तिच्याऐवजी चरबीचं उकडलेलं पुडिंग ठेवलं तरी चालेल, अशी मल्लिनाथीही त्यांनी केली. हाताचं कौतुक, डोक्याला नकार! मला वाटतं, त्या काळच्या संग्रहालयांतली कपाटं हीच गोष्ट मुकाट्यानं सांगत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जेजे स्कूलचे प्राचार्य सेसिल बर्न्स क्युरेटर असताना इथे घडवलेली मातीची चित्रं बघा. जाती, धंदे, पोशाख सगळं नेमकं. घडवणाऱ्याचं नाव शोधायला जावं तर बहुधा हाती काही लागत नाही.

१९७५ साली संग्रहालयाचं नाव बदलून भाऊ दाजींचं झालं, पण इमारतीची रया जातच होती. २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था यांच्यात करार झाला. जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली दारं पुन्हा उघडली. इथवरची गोष्ट चांगल्या दुरुस्तीची. पुढची अधिक धिटाईची आहे.

तस्नीम झकारिया मेहता यांच्या नेतृत्वाखाली संग्रहालयानं आजच्या चित्रकार-शिल्पकारांना थेट जुन्या संग्रहाशी भिडायला बोलावलं. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया अशांची कामं या व्हिक्टोरियन दालनांत उभी राहिली. २०१३ साली रीना कल्लाट यांनी दर्शनी भिंतीवर कोळ्याचं अवाढव्य जाळं चढवलं. ते होतं रबरी शिक्क्यांचं, आणि शिक्क्यांवर होती मुंबईतल्या रस्त्यांची पुसली गेलेली इंग्रजी अमदानीतली नावं. शिक्का म्हणजे सरकारी कचेरीचं हत्यार. तोच नाव देतो आणि तोच खोडतो. ज्या वास्तूचं स्वतःचं नाव बदललं, तिच्याच तोंडावर हे लटकावणं मला शंभर व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं. बर्डवुडांना इतकं चोख उत्तर त्यांच्याच घरात मिळालं.

एवढं करून जुनं काही अडगळीत टाकलेलं नाही. प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आत आहे, मातीची चित्रंही आहेत. हे मला पटतं. ज्याच्याशी भांडायचं, तो समोर तर हवा. खटकतं ते वेगळंच. समकालीन कलेची चर्चा कलादालनांत फिरणाऱ्या इंग्रजाळलेल्या वर्तुळात जितकी रंगते, तितकी पेंग्विन बघून आलेल्या गर्दीत रंगत नाही. पगड्यांच्या कपाटापाशी थांबलेल्या लालबागच्या आजीला सांगण्यासारखं बरंच आहे: या पगड्यांची वर्गवारी कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्या घरातली पगडी त्यात कुठे बसते. ते सांगायला तिथे मराठीतून गप्पा मारणारा कोणीतरी हवा, रविवारच्या ऐन गर्दीत.