शनिवारची हॅकर-बैठक

सायबर सुरक्षेची गोडी असलेल्या लोकांची महिन्याची बैठक एखाद्या कंपनीच्या सभागृहात किंवा कॉलेजच्या वर्गात भरते. भारतात अशा बैठकांची घडी बसवण्यात ‘नल’ या समुदायाचा वाटा मोठा आहे. नलची सुरुवात पुण्यात झाली. २०१० साली गोव्यात ‘नलकॉन’ ही त्यांची पहिली परिषद भरली आणि पुढे हैदराबादसह अनेक शहरांत शाखा निघाल्या. या शाखांना सगळे ‘चॅप्टर’च म्हणतात. अमेरिकेत ‘२६००’ या १९८४ साली निघालेल्या हॅकर-नियतकालिकाचे वाचक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जमतात. नलच्या बैठका बहुधा शनिवारी असतात.

हैदराबादेत शिकणारे आणि नोकरी करणारे शहराच्या दोन टोकांना विखुरलेले आहेत. नारायणगुडा हा जुना कॉलेजांचा भाग. मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन न्यायाधीशपदापर्यंत पोहोचलेल्या केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली शिक्षणसंस्था इथेच आहे आणि २००७ पासून तिचे इंजिनिअरिंग कॉलेजही इथे चालते. सॉफ्टवेअर कंपन्या मात्र पश्चिमेला, माधापूर-गच्चीबावलीकडे. २०२० मध्ये नारायणगुड्यावरून मेट्रो सुरू झाली. परेड ग्राउंडला गाडी बदलली की हायटेक सिटी गाठता येते. बैठकीत दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि बँकेची यंत्रणा सांभाळणारा अभियंता शेजारी बसतात, ही या प्रकाराची खरी श्रीमंती.

सुरुवात ओळखीने होते, मग महिन्याभरातल्या बातम्या. त्यानंतर नवशिक्यांसाठी एखाद्या विषयाची तोंडओळख आणि एक-दोन टॉक. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि व्यासपीठावरून माल विकू दिला जात नाही.

खरे शिक्षण डेमोत होते. त्यासाठी ‘ओवास्प’ या संस्थेचे ‘ज्यूस शॉप’ फार उपयोगी पडते. हे रसाचे ऑनलाइन दुकान मुद्दाम चुका ठेवून लिहिलेले आहे आणि ते स्वतःच्या लॅपटॉपवरच चालवता येते. शिकणारा त्यात खाते उघडतो, दोन वस्तू टोपलीत टाकतो आणि ‘बर्प सूट’ हे साधन मधोमध बसवून ब्राउझर व सर्व्हर यांच्यातली प्रत्येक रिक्वेस्ट अडवून वाचतो. टोपली मागवणाऱ्या रिक्वेस्टच्या शेवटी एक आकडा दिसतो. तो बदलून १ केला आणि रिक्वेस्ट पुढे सोडली, की पडद्यावर दुसऱ्याच ग्राहकाची टोपली येते. पासवर्ड फोडलेला नसतो, कुठलाही विचित्र मजकूर घुसवलेला नसतो. रिक्वेस्ट अगदी रीतसर असते, त्यामुळे नुसता संशयास्पद मजकूर शोधणाऱ्या फायरवॉलला त्यात काहीच खटकत नाही. मागणारा लॉग-इन आहे की नाही एवढेच सर्व्हरने पाहिलेले असते. टोपली त्याची आहे का, हे विचारायचे राहून गेलेले असते. ओवास्पच्या वेब-दोषांच्या २०१७ च्या यादीत हा दोष पाचवा होता, २०२१ च्या यादीत पहिला आला. दुरुस्ती सर्व्हरवरच करावी लागते: प्रत्येक वेळी मालक कोण ते सेशनवरून ठरवून ताडून पाहायचे. पडद्यावरचे बटण लपवून काही साधत नाही.

हल्ल्याचा सराव स्वतःच्या हाताने करण्याच्या दिवसभराच्या सत्रांना नलमध्ये ‘हमला’ म्हणतात आणि संरक्षणाच्या बाजूने चालणाऱ्या सत्रांना ‘बचाव’. अनुभवी मंडळी दोन्हींना सारखे महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून काढली गेली. असा हल्ला ओळखायला हल्लेखोराची वाटही माहीत असावी लागते आणि आपल्या यंत्रणेत रोज काय घडते त्याच्या नोंदीही वाचता याव्या लागतात.

सगळा सराव परवानगी असलेल्या यंत्रणेवरच करायचा, हे पहिल्याच दिवशी बजावले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार मालकाच्या संमतीवाचून, गैरहेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खऱ्या साइटवर दोष आढळलाच, तर तो त्या संस्थेला किंवा २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवतात. अहवालात दोष पुन्हा घडवून दाखवण्याच्या पायऱ्या क्रमाने असाव्यात. पुराव्यापुरतीच माहिती उघडावी, इतरांची खाती चाळत बसू नये. दुरुस्ती झाल्यावर त्याच दोषावर पुढच्या एखाद्या बैठकीत टॉक देता येतो.