सांगा पाहू, कुठला 'सेल'?

दोस्तांनो, कागद-पेन्सिल घ्या. खाली चार वाक्यं दिली आहेत. प्रत्येकात 'सेल' हा शब्द आहे. त्याचं इंग्रजी स्पेलिंग लिहायचं. कुणाचं बघायचं नाही हं!

१. दिवाळीच्या तोंडावर कापडाच्या दुकानात 'सेल' लागला.
२. बॅटरीतला 'सेल' संपला.
३. मला माझी जुनी सायकल 'सेल' करायची आहे.
४. वाऱ्याने 'सेल' फुगताच होडी पळू लागली.

झालं लिहून? आता पडताळून पाहा. पहिला एस-ए-एल-ई, म्हणजे विक्री. दुसरा सी-ई-डबल एल. विज्ञानातली पेशी आणि तुरुंगातली कोठडीसुद्धा याच स्पेलिंगची. तिसरा एस-ई-डबल एल, म्हणजे विकणे. चौथा एस-ए-आय-एल, म्हणजे शीड. चारही बरोबर आले असतील, तर शाबास! एखादा चुकला असेल, तर हिरमुसू नका. चुकतं कुठे ते आधी बघू.

गंमत अशी, की इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला हे चारही शब्द सारखे नाहीत. त्यांच्या दोन जोड्या आहेत. बॅटरीतला आणि विकण्याचा 'सेल' आखूड उच्चारायचा. विक्रीचा आणि शिडाचा मात्र जरा लांबवायचा, जवळजवळ 'सेइल' असा. मराठीत आखूड 'ए'साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून आपण चौघांना एकाच 'सेल'मध्ये कोंबतो. लिहायचं 'पेन' आणि दुखण्याचं 'पेन' यांचंही तसंच. म्हणजे नीट ऐकायची सवय लावली, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा?

तिथे मात्र कान उपयोगाचा नाही. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे चिलखत घातलेला योद्धा, या दोन्हींचा उच्चार अगदी एक. पण योद्ध्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'के' बसलेला! हा 'के' उगाच आलेला नाही. शेकडो वर्षांपूर्वी तो खरोखर उच्चारला जायचा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेली. उच्चार मात्र बदलत राहिले. जीभ पुढे गेली, कागद मागेच राहिला!

आणि हसू नका, आपल्याकडेही असं आहेच. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. फलकावर 'प्रजासत्ताक दीन' लिहिलं, तर काय होईल? 'शिर' म्हणजे डोकं, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. मराठीत वेलांटी अर्थ बदलते, इंग्रजीत अक्षरं बदलतात, इतकंच.

खुणेची गाठ बांधा

अशा शब्दांना एकेक खूण बांधून ठेवावी.

हिअर: ऐकण्याच्या 'हिअर'मधला एच झाका. उरतं ई-ए-आर, म्हणजे कान! 'इथे' या अर्थाच्या 'हिअर'मध्ये कान नाही.

पीस: तुकड्याच्या 'पीस'ची पहिली तीन अक्षरं पी-आय-ई. 'पाय' नावाचा एक विलायती खाऊ असतो, त्याचा तुकडा. शांततेच्या 'पीस'मध्ये मात्र पी-ई-ए.

प्रिन्सिपल: शाळेच्या प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल, 'पॅल' म्हणजे मित्र. तत्त्वाच्या 'प्रिन्सिपल'चा शेवट एल-ई, 'रूल'सारखा.

स्टेशनरी: वह्या-पाकिटांच्या स्टेशनरीत शेवटी ई-आर-वाय. पाकीट म्हणजे 'एन्व्हलप', त्याचं पहिलं अक्षर ई. ए-आर-वाय असेल, तर अर्थ 'स्थिर'. हे दोन्ही शब्द मुळात नात्यातलेच. पूर्वी युरोपात गावोगाव फिरणारे विक्रेते असत. जे एका जागी स्थिर राहून पुस्तकं विकत, ते 'स्टेशनर'!

तुम्ही म्हणाल, एका अक्षराने काय बिघडतं? 'आम्हाला शांतता हवी' असं लिहायला जाल आणि 'आम्हाला तुकडा हवा' असं होऊन बसेल! परीक्षेत एखादा गुण जाईल, पण अर्जात किंवा पत्रात अर्थच उलटतो. संगणकही दर वेळी वाचवत नाही, कारण दोन्ही स्पेलिंग आपापल्या जागी बरोबरच असतात.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलांना नुसता शब्द सांगून 'स्पेलिंग सांग' म्हणू नका. पूर्ण वाक्य सांगा. शब्द एकटा असला, की तो कोण हे मोठ्यांनाही ओळखता येत नाही. शेजारी कोण बसलंय ते कळलं, की तो लगेच ओळखू येतो.

आता तुमची पाळी!

१. आकाशातल्या 'सन'मध्ये यू की ओ?
२. 'संपूर्ण' या अर्थाच्या 'होल'चं पहिलं अक्षर कोणतं?
३. 'लिहिणे' या अर्थाचा 'राइट' कशाने सुरू होतो?

उत्तरं: १. यू (ओ असेल तर मुलगा). २. डब्ल्यू (एच असेल तर भोक). ३. डब्ल्यू (आर असेल तर उजवा किंवा बरोबर).

तिन्ही जमली? मग आता अशा पाच जोड्या तुम्ही स्वतः शोधा आणि प्रत्येकीला आपली खूण बांधा. स्वतः बांधलेली खूण सहसा विसरत नाही!