होंगओ: कुजवलेला नव्हे, मुरवलेला

दक्षिण कोरियाच्या नैऋत्येला, जोल्ला प्रांतात, लग्न असो की मयतानंतरचं जेवण, पानात होंगओ नसेल तर पाहुणचारात उणीव राहिली असं मानतात. पाकटाच्या जातकुळीतला हा चपटा मासा मीठ न लावता कित्येक दिवस मुरवतात आणि बहुधा कच्चाच वाढतात: गुलाबी काप, त्यात कुर्चेच्या पांढऱ्या रेघा. पहिल्यांदा खाणाऱ्याला घास तोंडात घालताच फार काही कळत नाही. थंड, चिवट मांस आणि दाताखाली करकरणारी कुर्चा, एवढंच. चावायला लागलं की अमोनियाची वाफ घशातून नाकात चढते, डोळ्यांत पाणी येतं आणि बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो: मासा कुजलाय. हा निकाल चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे त्या माशाच्या शरीरातच सापडतं.

समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारट असतं, त्यामुळे शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. सुरमई-बांगडा समुद्राचं पाणी पिऊन जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतात. मुशी, पाकट, होंगओ हे कुर्चेच्या सांगाड्याचे मासे मात्र रक्तात आणि मांसात युरिया साठवून हा तोल राखतात. ‘हा मासा कातडीतून लघवी करतो’ असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. त्याला मूत्रपिंडं असतात आणि ती युरिया टाकून देण्याऐवजी बराचसा परत शोषून घेतात. मासा मेला की जंतू या युरियाचा अमोनिया करतात. मांस अल्कधर्मी होतं, त्याचा पीएच 9 च्या आसपास जातो, आणि सडवणाऱ्या बहुतेक जंतूंना तिथे वाढणं जड जातं. कोकणात शिळ्या मोरीला जो उग्र दर्प येतो, तोही याच युरियाचा. कोणी म्हणेल, जंतूंनीच केलेलं काम, मग ते कुजणं नाही तर काय? पण दूधही जंतूच विरजतात. तिथे आम्ल पदार्थ राखतं, इथे अल्क राखतं. हेच कारण उलट बाजूनेही लक्षात ठेवायला हवं: बांगडा किंवा ट्यूना असा ठेवला तर तो खरोखरच सडेल, कारण त्यांच्या मांसात इतका युरिया नसतोच.

या रसायनाचा शोध लोकांना प्रयोगशाळेआधी होडीत लागला असावा. मोकपो शहरापासून सुमारे 90 किलोमीटर दूर असलेल्या हुकसानदो बेटावरून मासे नदीमार्गे नाजूजवळच्या योंगसानपो बंदरात यायचे. वाटेत बाकीचे मासे खराब होत, होंगओ खाऊन कोणाला काही होत नसे, अशी तिथली परंपरागत हकिकत आहे. तिच्या तपशिलांबद्दल वाद घालता येईल. पण 1801 साली हुकसानदोला हद्दपार झालेले विद्वान जोंग याक-जोन यांनी 1814 मध्ये पूर्ण केलेल्या ‘जासान-ओबो’ या मत्स्यग्रंथात नाजूचे लोक होंगओ मुरवून आवडीने खातात अशी नोंद केली आहे. तेव्हा अलीकडे कोणी विक्षिप्तपणा म्हणून हा पदार्थ काढला, हेही खरं नाही.

अमोनिया विषारी नाही का, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. दाट वायूच्या रूपात तो घातकच आहे. अन्नातून थोड्या प्रमाणात आलेल्या अमोनियाचा निरोगी माणसाचं यकृत युरिया करून टाकतं. आपल्या आतड्यांत रोज तयार होणाऱ्या अमोनियाचंही ते हेच करतं. यकृत निकामी होत आलेल्या माणसाने हा पदार्थ टाळावा, याबद्दल दुमत नसावं. तोंड भाजण्याची भीतीही खरी आहे: होंगओचा गरम रस्सा किंवा वाफवलेला होंगओ खाताना अमोनिया जोराने सुटतो आणि टाळूची सालं निघू शकतात. म्हणूनच जोल्लात थंड काप, उकडलेलं डुकराचं मांस आणि जुनी, आंबट किमची असा तिहेरी घास खातात. त्याला सामहाप म्हणतात. किमचीतलं आम्ल अल्काची धार कमी करतं, चरबी तोंड मऊ ठेवते; सोबतची मक्कोल्ली ही तांदळाची दारूही आंबटसरच असते.

आणि सगळे कोरियन हे मिटक्या मारत खातात, हाही समज सोडून द्यावा. सोलमधल्या कित्येकांना होंगओचा वासही सहन होत नाही. नावडण्यात काही गैर नाही. गैर आहे ते इंटरनेटवर जोल्लातल्या लोकांना हिणवायला याच माशाचं नाव वापरणं, आणि ते तिथे राजरोस चालतं. ज्यांच्या पंगतीचा हा मानाचा पदार्थ, त्यांनाच ‘कुजकं खाणारे’ ठरवणं सोपं जातं, कारण मूळ गैरसमज कोणी तपासत नाही.

पहिल्यांदा खाणार असाल तर कमी मुरवलेला होंगओ मागा, सामहाप करूनच खा, रश्शाच्या वाटेला जाऊ नका, आणि बाजारातून पाकट आणून घरी हा प्रयोग करू नका.